यंत्र म्हणतं ‘झालं’, पण नेमकं काय झालं?

मोटारींमधली बटणं परत येऊ लागली आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती एकेक करून नाहीशी होत गेली. गाणी, एसी, आरसे, काही गाड्यांत तर वायपरसुद्धा मधल्या पडद्यावर गेले. मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेनं आता २०२६ पासूनच्या निकषांत हे लक्षात घेतलं आहे. वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि संकटकाळचा एसओएस कॉल या पाच गोष्टींसाठी हाताला लागणारं खरंखुरं बटण किंवा दांडी नसेल, तर त्या गाडीला पूर्ण पाच तारे मिळणं अवघड होईल. हा कायदा नाही. पण त्या पाच ताऱ्यांसाठी कंपन्या बरंच काही करतात.

पडदा नवा आणि बटण जुनं, मग ही उलटी वाटचाल कशाला, असं अनेकांनी विचारलं. प्रश्न जुन्या-नव्याचा नाहीच. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे सरकते. पडद्यावर वायपरची खूण शोधायला दोन सेकंद नजर खाली गेली, की साधारण ५५ मीटर रस्ता न बघता कापला गेला. दांडी न बघता सापडते. शिवाय ती खाली ओढली की ‘खट्’ होतं आणि बोटाला कळतं की काम झालं. काच मात्र सगळीकडे सारखीच लागते. तिथे बोट ठेवल्यावरही बघावंच लागतं : लागलं का?

हा लेख त्या ‘खट्’बद्दल आहे. यंत्राला काम सांगणं हा एक भाग झाला. सांगितल्यावर यंत्रानं नेमकं काय केलं, हे आपल्याला कळणं हा दुसरा भाग, आणि तो कायम दुर्लक्षित राहतो. माझ्या मते यंत्रांपायी माणसाला होणारा बराचसा त्रास आणि काही अत्यंत भीषण अपघात या दुसऱ्या भागातून आले आहेत.

दोन दऱ्या

माणसं संगणक कसा वापरतात, कुठे अडतात आणि का, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला मानव-संगणक आंतरक्रिया म्हणतात. वापरणाऱ्या माणसाला मध्यभागी ठेवून वस्तू घडवायच्या पद्धतीला वापरकर्ताकेंद्री रचना म्हणतात. नावं जड आहेत, पण त्यामागची मूळ कल्पना एका लिफ्टमध्ये मावते.

तुम्हाला चौथ्या मजल्यावर जायचंय. पहिला प्रश्न : कुठलं बटण दाबू? बटणावर ‘४’ लिहिलेलं असेल, तर तो तिथल्या तिथे सुटला. दुसरा प्रश्न : माझं दाबणं लिफ्टला कळलं का? बटणात दिवा लागला तर कळलं. तो दिवा बिघडलेल्या लिफ्टमध्ये माणसं काय करतात ते आठवून बघा. तेच बटण तीन-चार वेळा दाबतात, मग शेजारचा येऊन पुन्हा दाबतो. ही माणसं उतावीळ नसतात. लिफ्टनं उत्तर दिलेलं नसतं, म्हणून ती पुन्हा विचारत असतात.

मानसशास्त्राचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर या दोन प्रश्नांना दोन दऱ्यांची उपमा दिली. मनात जे करायचंय ते यंत्राला सांगण्यातली एक दरी, आणि यंत्रानं काय केलं ते समजून घेण्यातली दुसरी. मी पहिलीला सांगण्याची दरी म्हणेन आणि दुसरीला कळण्याची दरी. या विषयातल्या बहुतेक संकल्पना शेवटी या दोहोंपैकी एका दरीवर टाकलेला पूल असतात.

पहिली दरी बरीच बुजली

सांगण्याच्या दरीवर गेल्या ऐंशी वर्षांत खूप काम झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिकांना पंखांच्या झडपा आत घ्यायच्या असत, आणि ते चुकून चाकं मिटत. अल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट पाहिलं, तेव्हा दोन्हींचे खटके शेजारीशेजारी आणि दिसायला सारखेच होते. त्यानं चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराचं रबरी टोक लावलं आणि झडपांच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचं. अंधारात, दमलेल्या हातालाही फरक कळू लागला आणि त्या चुका थांबल्या. आजही मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखंच असतं, नियमानंच.

संगणकांचंही तसंच झालं. छिद्रं पाडलेली कार्डं गेली, पाठ करायच्या आज्ञा गेल्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकी अभियंते डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जाहीरपणे माऊस चालवून दाखवला. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकानं चित्रखुणा आणि खिडक्या घराघरांत नेल्या. पुढे बोटानं, मग आवाजानं सांगता येऊ लागलं. दुसऱ्या दरीची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही.

तो दिवा खोटं बोलत नव्हता

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं थ्री माइल आयलंड हे अणुवीज केंद्र. २८ मार्च १९७९, पहाटे चारच्या सुमाराला एक बिघाड झाला, दाब वाढला आणि तो सोडण्यासाठी एक झडप आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती. ती अडकून उघडीच राहिली.

नियंत्रण कक्षात त्या झडपेसाठी एक दिवा होता. तो विझला. पाळीवरच्या कर्मचाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला : झडप बंद झाली. तुम्ही-मीही तोच लावला असता. पण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता, तो जोडला होता झडपेकडे जाणाऱ्या आज्ञेला. दिवा विझला याचा अर्थ एवढाच, की ‘बंद हो’ असं झडपेला सांगण्यात आलं. तिनं ऐकलं की नाही, हे सांगणारं त्या फळीवर काहीही नव्हतं.

पुढचे दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी त्या उघड्या झडपेतून वाहून जात राहिलं. पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर धोक्याच्या सूचना वाजू-लुकलुकू लागल्या होत्या, आणि त्यांत महत्त्वाची कुठली हे ओळखायची सोय नव्हती. झडपेतून निघालेलं पाणी ज्या टाकीत जमत होतं, तिचा दाब दाखवणारी तबकडी मुख्य फळीच्या मागच्या बाजूला होती. झडप बंद आहे असं समजून चालल्यामुळे पुढचे सगळे आकडे कर्मचाऱ्यांनी उलटेच वाचले. पाणी जास्त झालंय असं वाटून त्यांनी आपत्कालीन पाण्याचा प्रवाह कमी केला. भट्टीचा गाभा जवळजवळ निम्मा वितळला.

माझ्या दृष्टीनं या विषयातलं यापेक्षा महत्त्वाचं उदाहरण नाही. दिवा बिघडलेला नव्हता, त्याला जे सांगायला ठेवलं होतं तेच तो सांगत होता. चूक इथे होती, की ‘आज्ञा गेली’ आणि ‘काम झालं’ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच खुणेत मिसळल्या होत्या. एकदा हे लक्षात आलं की तीच मिसळ रोज दिसू लागते. ‘संदेश पाठवला’ म्हणजे माझ्या फोनमधून निघाला की समोरच्याच्या फोनवर पोचला? पैसे पाठवताना फिरणारं चक्र थांबलं आणि पडदा कोरा झाला, तर पैसे गेले की नाही? आपण पुन्हा बटण दाबतो, आणि कधीकधी पैसे दोनदा जातात.

‘माझंच काहीतरी चुकलं असेल’

एकदा एका ऑनलाइन अर्जाची चाचणी चालू असताना मी बाजूला बसले होते. समोर साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सांगितलं होतं, की मनात येईल ते मोठ्यानं बोलत अर्ज भरा. बोलत बोलत काम करायला लावायची ही पद्धत या क्षेत्रात सर्रास वापरतात, कारण माणूस कुठे थबकतो आणि का, हे तिच्यातून ऐकू येतं.

बाईंनी सगळं नीट भरलं. जन्मतारखेत दिवस, महिना, वर्ष यांच्यामध्ये त्यांनी टिंबं दिली आणि ‘पुढे’ दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे झालं होतं : पडद्याच्या वरच्या टोकाला, आता दिसत नसलेल्या भागात, लाल अक्षरांत ‘माहिती अवैध’ असं उमटलं होतं. बाईंच्या समोर मात्र ‘पुढे’ तसंच होतं. त्यांनी पुन्हा दाबलं, मग जरा जोरात दाबलं. मग हात मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “माझंच काहीतरी चुकलं असेल. मला नाही हो हे जमत.”

आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेली बाई. विद्यार्थ्याची चूक कधी त्याच्या वहीवर न दाखवता तिनं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली असती का? अर्जानं त्यांच्याशी नेमकं तेच केलं होतं. दुरुस्ती अगदी छोटी होती. तारखेच्या रकान्याखालीच ‘मध्ये तिरकी रेघ द्या’ असा मजकूर आला असता तरी चाललं असतं. त्याहून बरं म्हणजे संगणकानं टिंबंही चालवून घेतली असती, त्याला त्यात काही अवघड नाही.

चाचणीत माणसं जेव्हा स्वतःला दोष देतात, तेव्हा मला सगळ्यात वाईट वाटतं. ती तक्रार करत नाहीत, मुकाट्यानं निघून जातात, आणि अर्ज बनवणाऱ्यांना वाटतं की सगळं ठीक चाललंय.

उत्तर वेळेत आलं पाहिजे

उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेवरही यावं लागतं. इथे तीन आकडे उपयोगी पडतात. ते बरेच जुने आहेत आणि अजून टिकून आहेत. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर आपल्याला वाटतं, हे मीच केलं. एक सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं आणि माणूस दुसरं काहीतरी करायला लागतो. म्हणून काम लांबणार असेल तर किती झालं, किती राहिलं हे दाखवायचं. नुसतं गोल फिरणारं चक्र काहीच सांगत नाही. काम अडकलं तरी ते तसंच फिरतं.

पण लोकांना नीट शिकवलं तर?

हा पहिला आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. प्रशिक्षण लागतंच. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकी नौदलाच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौकेची सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि दहा नौसैनिक दगावले. चौकशीत अपुरं प्रशिक्षण आणि ढिली देखरेख हीच मुख्य कारणं ठरली. पण त्याच चौकशीत नौकेच्या स्पर्शपडद्यांवरही बोट ठेवलं गेलं. सुकाणू एका जागेवरून शेजारच्या जागेवर गेलं होतं आणि ते चालवणाऱ्याला वाटलं, सुकाणूच निकामी झालं. वेग कमी करताना दोन्ही पंख्यांऐवजी एकाचाच वेग उतरला आणि नौका वळत गेली. जुन्या पद्धतीचे दोन दांडे असते, तर एक पुढे आणि एक मागे हे लांबूनही दिसलं असतं. २०१९ मध्ये नौदलानं या प्रकारच्या नौकांवर वेगाचे यांत्रिक दांडे परत बसवायचं जाहीर केलं.

शिवाय चुका दोन जातींच्या असतात. समजच चुकीची असेल तर शिकवण्यानं ती सुधारते. पण समज बरोबर असून हात घसरतो, तेव्हा शिकवणं फारसं कामाला येत नाही. उलट सरावलेल्या माणसाचाच हात जास्त घसरतो, कारण तो विचार न करता चालतो. बी-१७चे वैमानिक शिकलेलेच होते.

मग प्रत्येक वेळी ‘खात्री आहे का?’ विचारा

विचारतातच. आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. दिवसातून वीसदा विचारलेला प्रश्न प्रश्न राहत नाही, तो कामाचाच एक टप्पा होऊन जातो.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे ‘थेरॅक-२५’ या कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्रानं दाखवलं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रचंड मात्रा दिली. काहींचा त्यात जीव गेला. मूळ दोष यंत्राच्या आज्ञावलीत होता. पण पडद्यावर काय उमटलं ते बघा. टेक्सासमधल्या एका दुर्घटनेत यंत्र थांबलं आणि दिसलं ‘मालफंक्शन ५४’, म्हणजे ‘बिघाड ५४’. हा ५४ क्रमांकाचा बिघाड म्हणजे काय, हे चालकाला कुणी समजावलेलं नव्हतं. मात्रेच्या जागी आकडा होता ६, द्यायचे होते २०२ एकक. म्हणजे रुग्णाला फार कमी मिळालं, असं यंत्र सांगत होतं. तसल्या सूचना रोजच येत आणि एक कळ दाबली की उपचार पुढे सुरू होत. चालकानं ती कळ दाबली आणि रुग्णाला दुसरा झटका बसला.

शंभर वेळा विनाकारण अडवणारं यंत्र एकशेएकाव्या वेळी खरं सांगत असलं तरी कुणी ऐकत नाही. म्हणून जिथे शक्य आहे तिथे आधी विचारण्यापेक्षा नंतर मागे फिरू देणं चांगलं. पुसलेली फाइल काही दिवस कचरापेटीत राहते, पाठवलेला ईमेल काही सेकंद परत घेता येतो. अडवणूक राखून ठेवायची ती जिथून खरोखर परत येता येत नाही अशा जागांसाठी.

लोकांनाच विचारा ना, काय हवंय ते

विचारावं, पण तेवढ्यावर विसंबू नये. त्या निवृत्त शिक्षिकांना प्रश्नावली दिली असती, तर त्यांनी ‘अर्ज चांगला आहे, मलाच सवय नाही’ असं लिहिलं असतं. माणसं काय म्हणतात यापेक्षा ती काय करतात हे बघणं या पद्धतीचा कणा आहे.

यावर लगेच खर्चाचा मुद्दा निघतो. शेकडो लोकांना बसवायला वेळ आणि पैसा कुणाकडे आहे? तितके लागत नाहीत. जेकब नीलसन आणि थॉमस लँडाउअर या संशोधकांनी १९९३ मध्ये अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले. सरासरीनं एका माणसाच्या चाचणीत सुमारे ३१ टक्के अडचणी उघड होतात, असं त्यात दिसलं. त्या हिशेबानं पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास सापडतात, पुढे तेच तेच दिसू लागतं. ही सरासरी आहे, हमी नव्हे. आणि वापरणारे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातून माणसं घ्यावी लागतात. दिसत नसलेली व्यक्ती, वाचन कमी असलेली व्यक्ती आणि रोज संगणकावर बसणारा कारकून यांची अडायची ठिकाणं एक नसतात. पण पाच जणांना एकदा बसवून दुरुस्ती करायची आणि पुन्हा पाच जणांना बसवायचं, एवढं कुठल्याही कार्यालयाला झेपतं.

हेच ज्ञान उलटं वापरणारेही आहेत. वर्गणी सुरू करायला एक बटण, बंद करायला सात पानं. ‘नको’ हा शब्द फिकट करड्या रंगात. याच क्षेत्रातले रचनाकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा फसव्या रचनांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. तिथे दोन्ही दऱ्या मुद्दाम खणलेल्या असतात, आणि त्याला मी रचना म्हणायला तयार नाही.

आता तर बोलून सांगता येतं

शेवटचा आक्षेप सगळ्यात ताजा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसाला आपल्या भाषेत सांगितलं की तो काम करतो. मग बटणं, रकाने, पडदे यांची चर्चा हवीच कशाला?

सांगण्याची दरी यानं खरंच बुजत आणली आहे. ज्यांना अर्ज भरता येत नव्हते, त्यांना बोलता तर येतंच. मला याचा मनापासून आनंद आहे. पण कळण्याची दरी त्याच वेळी रुंदावली आहे. हा मदतनीस बरोबर उत्तर ज्या सफाईनं देतो, त्याच सफाईनं चुकीचंही देतो. माणूस चाचरला, थांबला, ‘बहुतेक’ म्हणाला, की आपल्याला अंदाज येतो. इथे ती खूण भरवशाची नाही.

‘उद्याची बैठक गुरुवारी चार वाजता घे आणि सगळ्यांना कळव,’ असं मी सांगते. उत्तर येतं : ‘झालं.’ हा १९७९चाच दिवा आहे. काय झालं? माझं बोलणं समजलं? नोंद बदलली? कुठला गुरुवार? निरोप निघाले की पोचले?

या जागी काय असायला हवं, ते सांगता येतं. उत्तरासोबत दिनदर्शिकेतली बदललेली नोंद दिसावी, तारखेसकट. तिच्याशेजारी ‘पूर्ववत करा’ असावं. खाली तीन नावं, दोघांपुढे ‘पोचलं’ आणि तिसऱ्यापुढे ‘पाठवलं, अजून पोचलेलं नाही’. मग त्या तिसऱ्याला मी फोन करेन.